15 मे, केसोन प्रांत: पीक मांडणारं गाव, लुटणारं गाव, फेकणारं गाव

भातखाचर

फिलिपिन्समध्ये काय बघावं असं इथे कुणी विचारलं की बोराकाय, पालावान, सेबू ही तीन नावं ठरलेली. समुद्र सुंदरच आहे, वाद नाही. पण मला विचाराल तर मे महिन्याच्या मध्यावर या आणि केसोन प्रांतात जा.

आम्ही लॉस बान्योसला राहतो. भात संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था 1960 पासून इथे आहे, नवरा तिथे नोकरीला, त्यामुळे घरात भाताशिवाय दुसरा विषय नसतो. इथून आग्नेयेला बनाहाव नावाचा मोठा ज्वालामुखी डोंगर आहे. बहुतेक वेळा त्याचा माथा ढगातच असतो. त्याच्या पायथ्याशी, केसोन प्रांताच्या बाजूला लुकबान, तायाबास आणि सारियाया ही गावं. तिन्ही ठिकाणी 15 मे हा सान इसिद्रोचा दिवस. हा स्पेनमधल्या माद्रिदचा शेतमजूर, 11व्या-12व्या शतकातला. गोष्ट अशी सांगतात की काम सोडून प्रार्थना करत बसतो म्हणून मालकाकडे त्याची चुगली झाली. मालक शेतावर तपासायला गेला तर हा डोळे मिटून बसलेला आणि नांगर देवदूत हाकतायत. 1622 मध्ये त्याला संतपद मिळालं. पुढे स्पॅनिश पाद्र्यांबरोबर तो इथे आला आणि इथल्या शेतकऱ्यांचा होऊन गेला. मूर्तीत पायाशी नांगर आणि जनावर असतंच.

एक डोंगर, एक संत, एकच दिवस, पण तिन्ही गावांची तऱ्हा वेगळी. लुकबानला पीक घरावर मांडतात. सारियायाला बांबूवर टांगतात आणि लोक ते लुटतात. तायाबासला खिडकीतून फेकतात.

सगळ्यात नावाजलेलं लुकबान. तिथल्या उत्सवाला पहियास म्हणतात. घराची पुढची भिंत पायरीपासून छपरापर्यंत झाकलेली असते: भाताच्या लोंब्या, वांगी, चवळीच्या शेंगा, कारली, भोपळे, केळीचे घड, नारळ. ज्याचा जो धंदा तो त्याच्या दारावर. टोपीवाल्याच्या घरावर टोप्यांच्या रांगा, लोंगानिसावाल्याच्या (डुकराच्या मांसाची लसूण घातलेली छोटी सॉसेजं, लुकबानची खासियत) खिडक्यांना सॉसेजच्या माळा. मिरवणुकीचा रस्ता दर वर्षी बदलतो. यंदा ज्या गल्लीतून सान इसिद्रो जाणार तिथलीच घरं सजतात, बाकीच्यांची पाळी पुढे कधीतरी. पाळी आलेल्या गल्लीत आठवडाभर आधीपासून नुसती ठोकाठोक चालते, दुबईहून आलेला भाऊ शिडीवर आणि खालून आई सूचना देतेय.

आणि किपिंग! तांदळाची पानाच्या आकाराची रंगीत, पारदर्शक पापडी. अशा शेकडो पापड्या ओवून मोठमोठी झुंबरं करतात, त्यांना आरांग्या म्हणतात. उन्हाची तिरीप आली की लाल, पिवळा, हिरवा, जांभळा उजेड रस्त्यावर पडतो. वारा आला की ती सुकी पानं एकमेकांवर घासतात, त्याचा कुरकुर आवाज बँडच्या मधल्या शांततेत नीट ऐकू येतो.

जुनी माणसं सांगतात की पूर्वी शेतकरी आपलं पीक चर्चच्या पायाशी आणून ठेवत आणि पाद्री तिथेच आशीर्वाद देई. पुढे एवढा माल चर्चपाशी मावेना. मग पाद्रीच गावातून फिरू लागला आणि लोकांनी पीक आपापल्या दारात मांडलं. आजचं सजावट-स्पर्धेचं रूप 1963 नंतरचं, गावातल्या कलामंडळाने दिलेलं.

सारियाया आणि तायाबासचं सविस्तर खाली लिहिते, आधी पोळ्या करायच्यात.

शंकेखोर

छान लिहिलंय. पण दोन शंका. एक, मे महिन्यात कसली सुगी? आपल्याकडे मे म्हणजे राब भाजून झालेले आणि डोळे आभाळाकडे. दोन, स्पर्धा आणि बक्षिसं आली म्हणजे परीक्षक आले, प्रायोजक आले, फलक आले. हा उत्सव शेतकऱ्याचा उरलाय की पर्यटन खात्याचा?

अन्नपूर्णा76

ते किपिंग म्हणजे आपल्या पातोळ्याच की! हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ पसरून वाफवायचं. फक्त सारण नाही. कृती मिळेल का?

भातखाचर

अन्नपूर्णाताई, अगदी बरोबर, पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याही डोक्यात पातोळ्याच आल्या. फरक असा की इथे पान निवडतात ते शिरांसाठी. कबाल नावाच्या स्थानिक झाडाचं पान सर्वांत चांगलं मानतात, नाहीतर कॉफी, कोको. तांदूळ भिजवून, वाटून सरसरीत पीठ करायचं, त्यात रंग. पानावर पीठ पातळ पसरायचं. इथेच सगळं कसब आहे. जाड झालं तर पारदर्शकपणा जातो, पातळ झालं तर सोडवताना फाटतं. मग थोडा वेळ वाफ, की निथळत टांगायचं, वाळत आलं की पान हलक्या हाताने सोडवायचं. पानाच्या सगळ्या शिरा पापडीवर उमटलेल्या असतात, अगदी देठाजवळच्या बारीक जाळीपर्यंत. शेवटी गठ्ठा करून वर वजन ठेवायचं, म्हणजे कडा वळत नाहीत. मी ज्या आजींकडे बघितलं (इथे आजीला लोला म्हणतात) त्यांच्याकडे वजनाला जाडजूड पुस्तकं होती.

खाता येतं. तळून साखर भुरभुरवायची किंवा व्हिनेगरमध्ये बुडवायची. पण दोन दिवस रस्त्याची धूळ खाल्लेली किपिंग खाऊ नका, दुकानात खायची वेगळी मिळते.

शंकेखोर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या तज्ज्ञांना विचारून देते. इथे भाताची दोन पिकं. पावसाळी पीक जून-जुलैत लावतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास कापतात. दुसरं उन्हाळी, डिसेंबर-जानेवारीत लावलेलं, मार्च ते मेदरम्यान निघतं. ते पाण्यावर अवलंबून, आणि बनाहावच्या झऱ्यांमुळे त्या पट्ट्यात पाणी आहे. म्हणजे 15 मेला उन्हाळी भात घरात आलेला असतो, पावसाळी लावणी तोंडावर असते. खरं तर तारीख इथल्या पिकाने ठरवलेलीच नाही. ती माद्रिदच्या पंचांगातून आली, तिथेही सान इसिद्रो 15 मेलाच असतो आणि तेव्हा तिथला गहू अजून शेतात उभा असतो. तारीख आयात केलेली, पण इथल्या हंगामात बरोबर बसली. म्हणून झालेल्या पिकाचे आभार आणि येणाऱ्या पावसाची विनवणी एकाच दिवशी उरकतात.

दुसऱ्या प्रश्नावर रात्री लिहिते.

मकातीचा_बाळ्या

मी मनिलात मकातीला आयटीत आहे. ऑफिसातल्या लोकांबरोबर गेलो होतो. शंकेखोरांशी अर्धा सहमत. शीतपेयांच्या आणि मोबाइल कंपन्यांच्या कमानी आहेतच, सेल्फीवाले इतके की एका घरासमोर चार पावलं टाकायला वेळ लागतो. पण घरातली माणसं दारात खुर्च्या टाकून बसलेली असतात, ‘आत या, जेवून जा’ म्हणतात आणि खरंच जेवू घालतात. अनोळखी माणसाला. आमच्यातल्या एकाला तर त्या घरच्या काकूंनी डब्यात भरून दिलं.

रेडे गुडघे टेकतात तो उत्सव हाच का? व्हिडिओ बघितला होता.

भातखाचर

नाही, ते पुलिलान. मनिलाच्या उत्तरेला, बुलाकान प्रांतात. संत तोच, पण 14 मेला. तिथे कराबाव, म्हणजे इथला पाणरेडा, सजवून मिरवतात आणि चर्चसमोर गुडघे टेकायला लावतात. मला ते बघवत नाही. डांबरी रस्ता, मे महिन्याचं ऊन आणि एवढं जड जनावर. इथल्या लोकांना तसं वाटत नाही, वर्षभर राबणाऱ्या जनावराचा तो मान आहे असं ते म्हणतात.

आता शंकेखोरांचा दुसरा प्रश्न. लुकबानमध्ये स्पर्धा आहे, हे खरं. काही घरं सजावटकार नेमतात, किपिंग घरी न करता करणाऱ्यांकडून मागवतात, आणि ज्या घरात कुणी शेती करत नाही तेही बाजारातून भाजी आणून भिंत भरतात. खर्चही बराच होतो. म्हणून ‘शेतकऱ्याचा उत्सव’ हे लुकबानच्या बाबतीत अर्धवटच खरं. पण पाळीची पद्धत मला फार आवडते. गावातली बडी घरं दर वर्षी झळकतील आणि मागची गल्ली कायम अंधारात, असं होत नाही. आणि ज्याच्या घरी टोप्या विणतात तो टोप्याच लावतो, कलिंगडांचं प्रदर्शन करत नाही. टोप्यांचा तंतू बुरी नावाच्या ताडाच्या पानांच्या देठातून काढतात, बुंताल म्हणतात त्याला. हातात घेतली तर टोपी आहे की नाही इतकी हलकी.

तायाबासला मात्र परीक्षकांचा प्रश्नच येत नाही. तिथला 15 मेचा प्रकार म्हणजे हागिसान. सुमान, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट तांदळाचा लांबट गोळा, पानात गुंडाळलेला. मिरवणूक घराखालून जाताना वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून टोपल्याच्या टोपल्या सुमान खाली फेकतात. खाली लोक छत्र्या उलट्या धरून उभे. शाळकरी पोरं, सायकलवाले, शेजारच्या गावाहून आलेल्या बायका, सगळ्यांचे हात वर. सान इसिद्रोची मूर्ती मधून शांतपणे चाललेली आणि वरून सुमानांचा वर्षाव. एक माझ्या चष्म्यावर बसला. चांगला घट्ट बांधलेला होता!

सारियायाला आगावान. बागाकाय नावाच्या बारीक बांबूंना शेंड्यापर्यंत भाज्या, फळं, बिस्किटांची पाकिटं, पावाच्या बाहुल्या, हातरुमाल असं काहीबाही बांधतात आणि घरापुढे उभे करतात. मिरवणूक पुढे सरकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मूर्ती गेली रे गेली की झुंबड. बांबू वाकतो, मोडतो, माल हातोहात. सारियाया हे त्या भागातलं भाजीपाल्याचं मोठं गाव आहे, आणि जुने वाडेही बघण्यासारखे आहेत, नारळाच्या पैशावर उभे राहिलेले.

लुकबान सगळ्यात देखणं, पण मला विचाराल तर तायाबास. कारण तिथे संध्याकाळी प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी असतं.

वसईची पोर

भातखाचरताई, वाचताना आमचा आगेरा डोळ्यांसमोर आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबई-वसई पट्ट्यातल्या आमच्या ख्रिस्ती गावांमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. फादर आशीर्वाद देतात आणि लोंब्या घरोघरी वाटतात, आमच्या मम्मीने आल्तारीवर वर्षभर ठेवलेल्या असतात. काही गावांत बैलगाडी, घुमट, लुगडी नेसलेल्या बायका, सगळं असतं.

पण खरं सांगू का, आता आमच्या गावात भातशेती जवळजवळ उरलीच नाही. लोंब्या बाहेरून मागवतो. माझे आजोबा होते तोवर त्यांच्या शेतातल्या यायच्या. म्हणून लुकबानच्या बाजारातून आणलेल्या भाजीला मी नावं ठेवणार नाही.

सासष्टीकर

गोव्यातलं कणसांचें फेस्त विसरू नका. राय गावात 5 ऑगस्टला, सासष्टी तालुक्यात सगळ्यांच्या आधी. ताळगावला 21 ऑगस्ट. आमच्याकडे फादर बँड-बिंड घेऊन शेतात उतरतात, विळ्याने पहिली कणसं कापतात आणि ती चर्चमध्ये जातात. तोपर्यंत नवं भात कापायचं नाही अशी जुनी रीत. म्हणजे फादर शेतात जातात. लुकबानला शेत रस्त्यावर येतं. पोर्तुगीज आणि स्पॅनिश, दोघांनीही नव्या पिकाच्या जुन्या सणांवर पाणी शिंपडलं आणि ते आपले करून घेतले, असं माझं मत. पटलं तर घ्या.

पुराणवांगी

सासष्टीकर, ‘आपले करून घेतले’ हे एवढं सोपं नव्हतं हो. विषय निघालाच आहे आणि लुकबानचं नाव आलंय, तर एका माणसाबद्दल लिहितो, कारण पहियासच्या लेखांत तो कुठे सापडत नाही.

आपोलिनारियो दे ला क्रुस, लोकांमध्ये एर्मानो पुले. जन्म लुकबानचाच, 19व्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. तरुणपणी मनिलाला गेला, धर्मसंघात प्रवेश मागितला. मिळाला नाही, कारण तो ‘इंदियो’, म्हणजे एतद्देशीय. तेव्हा दारं बंद होती. मग 1832 मध्ये त्याने कोफ्रादिया दे सान होसे नावाचा आपला स्वतंत्र संघ काढला. एतद्देशीयांचा संघ, प्रार्थना त्याच, संत तेच. हजारो माणसं आली. चर्च आणि सरकार दोघंही बिथरले. 1841 मध्ये तायाबासजवळ आलिताव इथे लढाई झाली, कोफ्रादियाची माणसं शेकड्यांनी मारली गेली. 4 नोव्हेंबर 1841 ला पुलेला तायाबासमध्ये गोळ्या घातल्या, शरीराचे तुकडे करून जाहीर ठिकाणी टांगले.

ज्या गावांत आज सान इसिद्रोवर सुमानांचा वर्षाव होतो त्याच गावांत हे झालं. या लोकांनी संत नाकारले नव्हते, संतांवर आपलाही हक्क सांगितला होता. पाद्री चर्चमधून निघून लोकांच्या दारापर्यंत आला ही पहियासची गोष्ट ऐकताना मला दर वेळी पुले आठवतो.

शंकेखोर

काका, जबरदस्त. हे माहीतच नव्हतं. दोन्ही शंका मागे घेत नाही, पण हा धागा आता वाचनखूण.

गुहागरी

मूळ लेखात नारळ एका शब्दात उरकलाय, त्याचा निषेध. केसोन म्हणजे नारळाचा प्रांत ना? आमच्या बागेतल्या माडांवर चढायला पाडेली मिळत नाही म्हणून रडतोय, तिथे काय परिस्थिती आहे? आणि नारळाचा उत्सव नाही का?

मकातीचा_बाळ्या

आहे. न्योगयुगान. ऑगस्टमध्ये, लुसेनाला, प्रांताच्या राजधानीत. 2012 ला सुरू झाला म्हणजे आपल्यापेक्षा लहानच. प्रत्येक गावाचा एक मंडप, नारळापासून जे जे होतं ते सगळं त्यात, आणि रस्त्यावर नाच. 19 ऑगस्टच्या सुमारास धरतात, कारण तो फिलिपिन्सचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन यांचा जन्मदिवस. त्यांच्याच नावावरून 1946 मध्ये प्रांताचं नाव बदललं, आधी सगळा प्रांत तायाबास म्हणून ओळखला जायचा. आता ते नाव एका गावापुरतं उरलंय.

भातखाचर

गुहागरी, निषेध मान्य. हा प्रांत देशातल्या सगळ्यात जास्त नारळ पिकवणाऱ्या प्रांतांपैकी एक. लुसेनाच्या पुढे गेलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगराच्या माथ्यापर्यंत माडच माड. पण बहुतेक शेतकरी नारळ फोडून, भट्टीवर किंवा उन्हात वाळवून सुकं खोबरं विकतात. भाव व्यापारी ठरवतो, व्यापाऱ्याचा भाव तेलाचा जागतिक बाजार ठरवतो.

चढणाऱ्यांचं म्हणाल तर ताडी काढणारे तिथे दर माडावर चढत-उतरत नाहीत. शेंड्यांच्या खालून एका माडावरून दुसऱ्या माडावर बांबू बांधलेले असतात, एक पायाखाली आणि एक हाताला धरायला. माणूस सकाळी एकदा चढतो आणि वरच्या वर बागभर फिरतो, कमरेला कोयती, पाठीला नळकांडं. खालून बघताना आपल्यालाच गरगरतं. या ताडीपासून लांबानोग नावाची दारू गाळतात, तायाबास तिच्यासाठी प्रसिद्ध. बैठकीत पेला एकच असतो, एक जण भरून देत जातो. पिणारा आधी ‘ना-आय पो’ म्हणतो, बाकीचे ‘पाकिनाबांगान पो’ असं उत्तर देतात, मगच घोट. या रीतीला तागायान म्हणतात. एक सावधगिरी: 2019 च्या डिसेंबरात लागुना (शेजारचा प्रांत) आणि केसोनमध्ये मिथेनॉल मिसळलेल्या लांबानोगमुळे माणसं दगावली होती. घ्यायचीच असेल तर शिक्का असलेली, नोंदणीकृत बाटली. रस्त्यावरच्या कॅनमधली नको.

गुहागरी

वरच्या वर बांबू! हे आमच्याकडे का नाही सुचलं? आणि एवढा नारळ असून शेतकरी गरीब का, त्यावर कुणी बोलत नाही का तिथे?

मकातीचा_बाळ्या

बोलतात, आणि चिडून बोलतात. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे आजोबा तिथले माडवाले. थोडक्यात असं: 1971 पासून 1982 पर्यंत सरकारने सुक्या खोबऱ्याच्या विक्रीवर शेतकऱ्यांकडून कर घेतला. नारळ उद्योगाच्या विकासासाठी, असं सांगून. त्या पैशातून बँक घेतली, बड्या कंपनीचे शेअर घेतले, आणि ताबा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या जवळच्या माणसांकडे. 1986 मध्ये मार्कोस सत्तेवरून गेले, मग खटले. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातले शेअर सरकारकडे द्यायला सांगितले, शेतकऱ्यांच्या हितासाठी म्हणून. त्यासाठीच्या विश्वस्त निधीचा कायदा झाला तो 2021 मध्ये. ज्यांनी कर भरला त्यांतले कित्येक तोवर वारले होते. मैत्रिणीच्या आजोबांकडे त्या वेळच्या पावत्या एका डब्यात आहेत.

म्हणून न्योगयुगानमध्ये झगमगीत मंडप बघताना ती म्हणते, ‘नाच छान आहे, भाव सांगा.’

शंकेखोर

ती मैत्रीण माझी नातेवाईक दिसते.

अन्नपूर्णा76

माझा प्रश्न राहिलाच. आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी, अंडं चालतं. तिथे उपाशी राहू का?

भातखाचर

उपाशी नाही राहणार, पण विचारावं लागेल. लुकबानचं पानसित हाबहाब प्रसिद्ध आहे: केळीच्या पानावर शेवया, वर व्हिनेगर, काटा-चमचा नाही, पान तोंडाशी धरून थेट खायचं. त्यात डुकराचं मांस असतं. ‘वालांग कार्ने’ म्हणजे मांस नको, हे म्हणा, पण कढई आणि रस्सा तोच असतो हे गृहीत धरा. हार्दिनेरा दिसायला केकसारखा सुरेख, पण तो मांसाचाच, फसू नका. तुमच्यासाठी बुदिन (कसाव्याच्या कंदाचा केक, अंडं आणि चीज घातलेला), ब्रोआस नावाची हलकी बिस्किटं, सुमान, आणि मे महिना असल्यामुळे आंबे. इथला आंबा गोड असतो. हापूसची बाजू घेऊन कुणी वाद घालू नका, मी पेणची आहे, मला कळतंय.

वसईची पोर

ताई, मिरवणूक संपल्यावर लुकबानच्या भिंतीवरच्या एवढ्या भाजीचं काय करतात? आमच्याकडे उरलेला भात दान जातो.

भातखाचर

काही घरं मिरवणूक गेल्यावर लगेच उतरवतात आणि शेजारी, पाहुणे, रस्त्यावरचे लोक, ज्याला हवं त्याला देतात. मला एका घराने हातात दोन वांगी आणि लोंब्यांची जुडी दिली, नाही म्हणायची सोय नव्हती. काही घरं एक-दोन दिवस ठेवतात, पर्यटकांसाठी. मग मात्र उन्हाने भाजी मान टाकते आणि बरीच वाया जाते, हे मला खटकतं. पाऊस आला तर आणखी वाईट. किपिंग भिजलं की लिबलिबीत होतं आणि रंग भिंतीवर ओघळतात. बनाहावच्या कुशीत असल्यामुळे लुकबानला पाऊस कधीही येतो, त्यामुळे बऱ्याच घरांत प्लास्टिकचा कागद छपरावर गुंडाळून तयारच असतो, आभाळ भरलं की पोरं धावतात.

सासष्टीकर

त्या प्रांतात एवढेच उत्सव की अजून?

भातखाचर

पुष्कळ. गुमाकाला 15 मेलाच फळा-भाज्यांच्या कमानी आणि झुंबरं असतात, आरान्यात बालुआर्ते म्हणतात. लुसेनाला मेच्या शेवटी पासायाहान. मी दोन्ही पाहिलेले नाहीत, त्यामुळे कुणी गेलं असेल तर लिहा.

मकातीचा_बाळ्या

जाणाऱ्यांसाठी कामाचं: मनिलाहून लुसेनाची बस, रस्ता मोकळा असेल तर साडेतीन-चार तास, 15 मेला मोकळा नसतो. लुसेनाच्या बसतळावरून तायाबासमार्गे लुकबानला जीपनी (तिथली लांबट प्रवासी जीप). लॉस बान्योसकडून येणाऱ्यांनी सान्ता क्रुसहून जीपनी धरावी, डोंगरातला रस्ता आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसा. लुकबानमध्ये राहायची जागा महिनोन् महिने आधी संपते, तायाबास किंवा लुसेनाला बघा. आदल्या रात्री पोहोचलात तर सजावट चालू असताना बघायला मिळते, माझ्या मते तेच खरं बघण्यासारखं. सकाळी लवकर लुकबान फिरून घ्या, नऊनंतर चालता येत नाही. दुपारी तायाबासला या आणि हागिसान कुठून, किती वाजता ते तिथे विचारा. सारियाया त्याच दिवशी जमवायचं म्हटलं तर तिन्ही धड होत नाहीत.

2025 च्या जूनपासून भारतीय पासपोर्टवर 14 दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. परतीचं तिकीट आणि राहण्याचं आरक्षण दाखवावं लागतं.

शंकेखोर

2027 मध्ये 15 मे शनिवारी येतोय. सुट्टी टाकावी लागणार नाही, म्हणजे मनिला रिकामं होऊन लुकबानला येणार. त्यापेक्षा तायाबास. छत्री कुठली आणू, लांब दांड्याची की घडीची?

भातखाचर

लांब दांड्याची. घडीची उलटी धरली की काड्या मोडतात.